कामी

बुधवारी चारला रोवेना येते.
चपला दाराबाहेर जोडून ठेवते,
स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते, वही उघडते.
कालिन्यात सात वर्षं झाली तिला.
सासूला मराठीखेरीज काही उमगत नाही,
आणि ऑस्वल्ड बोटीवर, नऊ महिने समुद्राचा, तीन महिने हिचा.

फ तिच्या तोंडात टिकत नाही.
'बहिणीचा पोन आला, बाई. पार पोटो पाठवले.'
ते मी आता दुरुस्त करत नाही.
अडतं ते लिंगापाशी.
तिच्या भाषेत तो, ती, ते, सगळ्यांना मिळून एकच शब्द,
म्हणून सासू बाजारात गेला, ऑस्वल्ड बोटीवर चढली,
आणि तिकडे निवडणुकीला उभा राहिलेला तो माणूस:
'ते येणार निवडून.'
'ते म्हणजे आदरार्थी, की नपुंसकलिंगी?'
ती पेन चावते.
'घाबरल्यावर कुठलं वापरतात?'

एकदाच धडा आपोआप झाला.
आम्ही आणि आपण.
हिंदीवाल्यांना हे शिकवता शिकवता माझे केस पिकले,
हिने टेबलावर थाप मारली. 'आहे! आमच्याकडे आहे!
कामी आणि तायो.
कामी, तुला सोडून. तायो, तुला धरून.'
मी म्हटलं, कामी आमच्याकडेही आहे, पण निराळं.
कामी येणं म्हणजे उपयोगी पडणं.
किंवा लढाईत मरणं.
तिने दोन्ही अर्थ एकाखाली एक उतरवले,
दुसऱ्याखाली रेघ मारली.

बातांगासला बहिणीच्या घरावरचा पत्रा हिच्या पैशांचा.
दर महिन्याच्या तीन तारखेला
मार्केटसमोरच्या खिडकीत रांग लावून पाठवलेल्या.
वादळाने उडवला, तर पुन्हा हिनेच बसवला.
आता त्या पत्र्याखाली भिंतभर त्या माणसाचा फलक,
दात दाखवणारा.
'खिळेसुद्धा माझे,' रोवेना म्हणते.

त्याच गल्लीतल्या जोजोला रात्री दोघं घेऊन गेले.
एकोणीस वर्षांचा. टायर पंक्चर काढायचा.
बहीण म्हणाली, तसलाच होता तो.
'तसलाच म्हणजे कसला?'
पोन कट झाला.
रेंज होती.

मी उठून गॅस बारीक केला.
गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये
वॉचमनच्या भाच्याबद्दल हेच वाक्य आलं होतं.
हाच शब्द. कारंडे बोलले.
आणि मी, जिने चाळीस वर्षं पोरांच्या वाक्यांतल्या चुका काढल्या,
मी चहा ओतत होते.
हे मी तिला सांगितलं नाही.

मग टपालाने मतपत्रिका आली,
एवढी लांब की टेबलावरची बरणी हलवावी लागली.
तिने माझंच पेन घेतलं.
गोल भरत गेली, कड न ओलांडता,
पहिलीतल्या पोरीसारखी जीभ बाहेर काढून.
'बहिणीचं एक तिकडे. माझं एक इकडे. वजा. राहिला शून्य.'
मग कशाला एवढा खटाटोप, मी विचारलं.
'नाही भरलं तर एक राहतो, बाई. त्याचा.'

पाकीट चिकटवताना तिने माझं बोट धरलं.
नखाच्या मुळाशी शाईची चंद्रकोर होती, उरलीसुरली, इथल्या मतदानाची.
'तिकडे पण लावतात,' म्हणाली.
'टपालाने नाही लावत.'
आणि बराच वेळ बोट सोडलं नाही.

दारात वाकून चपला घालताना
तिने वर न बघता विचारलं,
'आपल्या वॉचमनचा भाचा सापडली का?'

लिंग चुकलं होतं.
बाकी वाक्य बरोबर होतं.